ट्रिगरचाच दोष

४ ऑगस्ट २०००, शुक्रवार. रास अल खैमा.

शंभरपैकी एकसष्ट. लिहितानासुद्धा किळस येते.

हे गुण माझे नाहीत, बंदुकीचे आहेत. शूटिंग क्लबची ही रायफल बुलपप जातीची. म्हणजे लांबीला आखूड. गोळ्यांची पेटी आणि सगळी यंत्रणा ट्रिगरच्या मागे, आपल्या गालाखाली. ट्रिगर पुढे, काम मागे, मध्ये एक लांब दांडी. हेड ऑफिस दुबईत आणि फॅक्टरी इथे, तसला कारभार. बोटाने ऑर्डर द्यायची आणि ती मागे पोचेपर्यंत वाट बघायची. ट्रिगर ओढला की आधी रबर, मग चिखल, मग जरा टणक काहीतरी, पुन्हा चिखल, आणि आपण दुसऱ्याच विचारात असताना धाड्! शिवाय गोळी सुटताना क्षणभर अंधार होतो. हाही ट्रिगरचाच दोष.

गाल टेकवायच्या जागेला कुणाच्या तरी आवळा तेलाचा वास. कानावरचे मफ घामाने ओले. घाम माझा नव्हता. शी!

बारा वर्षं टाइल फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोल करतोय. टिचकी मारून टाइलच्या आतली चीर सांगणारा माणूस मी. खराब ट्रिगर मला कळणार नाही तर कुणाला?

११ ऑगस्ट, शुक्रवार.

एकोणसाठ.

सूर्यकांतने त्याच रायफलने अठ्ठ्याऐंशी मारले. हा आमच्याच फॅक्टरीत माल उचलायचा स्टॅकर चालवतो, गुहागरकडचा. त्याचं कसं आहे, दिवसभर लिव्हर ओढून बोटं बधिर झालीत. ट्रिगर चांगला की वाईट हे त्याला जाणवतच नाही. संवेदनशील माणसाचं मरण असतं ते असं.

डिसेंबरात इथल्या नॅशनल डेला इंटर-फॅक्टरी स्पर्धा आहे. आमच्या टीममध्ये चार जण. कॅप्टन हमीदसाहेब, म्हणजे आमचे पीआरओ, आणि त्यांचे दोघे ठरलेले. चौथी जागा मी किंवा सूर्यकांत. निवड १३ ऑक्टोबरला. संकल्प : ट्रिगर बदलणे.

१२ ऑगस्ट, शनिवार.

क्लबचा शस्त्रागार नूरुद्दीन सांभाळतो. पेशावरचा, मितभाषी. त्याला म्हटलं, नवा ट्रिगर मागव, पैसे मी देतो. तो म्हणाला, वासुभाई, ट्रिगर में क्या रखा है, पहले आप थोड़ा प्रॅक्टिस कर लो. माझ्यासारख्या टेक्निकल माणसाला प्रॅक्टिस सांगतो! शेवटी ऐकलं त्याने. क्लबच्या परमिटवर युरोपातून येईल, नऊशे दिरहम. वीणाने लगेच मोठ्याने हिशेब केला, अकरा हजार रुपये, अहो, एवढ्यात माझं डिशवॉशर आलं असतं. बायकांना मेकॅनिझम कळत नाही.

१ सप्टेंबर, शुक्रवार. गणेश चतुर्थी.

मंडळाच्या आरतीला गेलो. प्रसादाचे मोदक रेडिमेड, आत सारण कमी आणि वेलदोड्याची सालं जास्त. रिजेक्ट.

कुणीतरी विचारलं, शूटिंगचं काय चाललंय? मी सांगितलं, टीममध्ये आहे. जवळजवळ आहेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रंजिताकडे अभिमानाने पाहिलं, तर ती म्हणाली, पापा, द सिलेक्शन इज इन ऑक्टोबर. पंधरा वर्षांची पोर, पण बापाची लाज काढायला नेमकी वेळ साधते. वीणाने घरी आल्यावर नागपूरला भावाला फोन करून हेच सांगितलं, अभिमानाने. आता माघार नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार.

ट्रिगर आला! डबीत बसेल एवढा संच, त्यासोबत नवी दांडी. हातात घेऊन टिचकी मारली. आवाज खणखणीत. एक नंबर माल.

नूरुद्दीन लगेच बसवत होता. मी थांबवलं. पुढच्या शुक्रवारी खंडेनवमी. शस्त्र पुजायचा दिवस समोर असताना शस्त्र आधीच वापरायचं म्हणजे मुहूर्त लाथाडायचा. माझे वडील शिवणाच्या मशीनपासून विळीपर्यंत सगळं पुजायचे. आणि मी नवा ट्रिगर तसाच वापरू?

६ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी.

पूजा झाली. नूरुद्दीनने काउंटरवर पाच मिनिटं दिली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं एक फूल, वर तेलाचे चार थेंब. कापूर मात्र लावू दिला नाही. माझ्या हातातली काडेपेटी हिसकावलीच त्याने. दारूगोळ्याच्या खोलीशेजारी आग नको म्हणे. धर्माला किती अडचणी!

तो दुपारच्या असरच्या नमाजाला जाताना बजावून गेला, सब अच्छे से साफ कर के रखना. आता पूजेचं कुणी पुसतं का? उद्या दसरा, मग उत्तरपूजा. मी वरवरचं कुंकू रुमालाने टिपलं आणि संच डबीत बंद केला. परत येऊन त्याने विचारलं, साफ किया? मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो असंच काही नसतं. त्याने संच रायफलीत बसवला.

संकल्प : नव्वदच्या खाली येणार नाही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार.

लिहावंसं वाटत नाही. शिसारी आलीय सगळ्याची.

हमीदसाहेब खुर्चीत, सूर्यकांत शेजारच्या लेनमध्ये. मी नेम धरला, श्वास रोखला, ट्रिगर दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. काही नाही. तिसऱ्यांदा दाबताना आत काहीतरी करकरलं, खलबत्त्यात कुटल्यासारखं. लाल झेंडा, सगळी रेंज बंद.

नूरुद्दीनने सर्वांसमोर संच उघडला. चिमट्याने तांदळाचा एक दाणा काढला. लाल. मग दुसरा, मग पाचवा. तेलात कालवलेलं कुंकू दांडीच्या खोबणीत चटणीसारखं बसलं होतं. हमीदसाहेबांनी विचारलं, व्हॉट इज धिस? नूरुद्दीनने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, बिर्याणी, सर.

पूजेच्या अक्षतांना बिर्याणी! पण हमीदसाहेब पोट धरून हसले आणि म्हणाले, खलास, हबीबी, नेक्स्ट फ्रायडे. म्हणून मी दुरुस्ती केली नाही.

सूर्यकांतला शेजारच्या रायफलीच्या जुन्या ट्रिगरवर नव्वद. येऊन म्हणाला, साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या खेपेला होईल. असल्या चांगुलपणाचा मला तिटकारा आहे.

२० ऑक्टोबर, शुक्रवार.

वीणा आणि रंजिताला मुद्दाम घेऊन गेलो. वीणाने सामोसे नेले होते. ट्रिगर साफ, चकचकीत. ओढला की ना रबर ना चिखल, काडी मोडावी तसा कट. इतका सुंदर ट्रिगर या देशात दुसरा नसेल.

अठ्ठावन्न.

मी म्हटलं, साइट हलली असणार. नूरुद्दीन म्हणाला, एक बार और, मैं भर के देता हूँ. त्याने पेटी भरून दिली. मी नेम धरला, दाबला. आवाजच नाही, टिक् एवढंच. त्याने आत रिकामी काडतुसं घातली होती! आणि तरीही नळी वीतभर खाली गेली. मी स्वतः पाहिली. म्हणजे डोळे उघडल्यावर पाहिली.

रंजिता मागून म्हणाली, पापा, यू क्लोज युअर आइज. एव्हरी टाइम.

मी डोळे मिटत नाही. पापण्या आपोआप येतात. त्यात माझा काय संबंध?

नूरुद्दीनला बाजूला घेऊन विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाला, अगस्त से. मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, बोलता तो आप मानते?

सामोसे तसेच परत आले. मला फार लाज वाटली. हे फक्त इथे लिहितोय.

२१ ऑक्टोबर, शनिवार.

कालचं कालपुरतं. संकल्प नवा. दोष कळला की तो काढायचा, हीच क्वालिटी कंट्रोलची पहिली पायरी. हमीदसाहेबांना फोन केला. इन्शाल्ला, फ्रायडे लास्ट चान्स, म्हणाले. सहा दिवस आहेत. पापण्या म्हणजे शेवटी दोन स्नायू.

२४ ऑक्टोबर, मंगळवार.

प्रॅक्टिस. वीणाने माझ्या मागे उभं राहून ताटावर डाव आपटायचा, मी समोरच्या कॅलेंडरवर डोळे उघडे ठेवायचे. एकोणचाळीस वेळा आपटला. एकोणचाळीस वेळा मिटले. शेजारच्या मल्याळी बाईंनी येऊन विचारलं, कसली पूजा?

वीणा लग्नाचा अल्बम घेऊन आली. अंतरपाट दूर झाल्यावर अक्षता पडतानाचे आठ फोटो. आठांत माझे डोळे मिटलेले. एकवीस वर्षं मला वाटत होतं, मी भक्तिभावाने उभा आहे. वीणा हसता हसता खाली बसली. मला आधी राग आला, मग मीही थोडा हसलो. फार नाही.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार.

चोपन्न. नव्या ट्रिगरवर, उघड्या डोळ्यांनी. म्हणजे पहिल्या दोन गोळ्यांना उघड्या. त्या दोन्ही कागदाबाहेर.

मग हमीदसाहेबांनी सूर्यकांतला तीच रायफल दिली. त्याने दाबला, थांबला, माझ्याकडे वळून म्हणाला, साहेब, काय ट्रिगर आहे हो! शहाण्णव.

३१ ऑक्टोबर, मंगळवार.

नोटीस बोर्डावर लिस्ट लागली. चौथं नाव सूर्यकांतचं. मंडळाच्या दोघा-तिघांचे फोन आले. वीणाने उचलले आणि मी अंघोळीला गेलोय म्हणून सांगितलं. तिन्ही वेळा.

दुपारी हमीदसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. सुलेमानी चहा पाजला. म्हणाले, हबीबी, ट्रिगर क्लबचा नाही, तुझा पर्सनल आहे. स्पर्धेत वापरायचा तर ओनरची एनओसी लागेल. यल्ला, आज दे.

म्हणजे टीममध्ये माझा ट्रिगर आहे. मी नाही.

संध्याकाळी टायपिंग सेंटरवर गेलो. टायपिस्टने विचारलं, रीझन क्या लिखूँ, ओनर खुद शूटिंग नहीं करता? म्हटलं, हां, यही लिखो.

सही केली.