केसपेपर निघेपर्यंत

शनिवार, दुपार

चि. चिमणीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या समारंभाचं निमंत्रण पोचलं. कागद चांगला जाड आहे, अक्षरं सोनेरी आहेत आणि मला 'प्रेरणादायी परिचारिका' म्हटलंय. वॉर्डातल्या मावशींनी ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, आता तुम्हाला हाक कशी मारायची?" मी म्हटलं, नेहमीसारखीच मारा, ओरडून.

फोनही करता आला असता. पण फोनवर तू "अगदी बरोबर गं ताई" असं म्हणत म्हणत शेवटी तुझंच खरं करतेस. लहानपणापासूनची खोड आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

इकडे सगळं क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. घराला रंग लागला. खालच्या मजल्यावरचे आजोबा अजून नळाखाली बादली लावून विसरतात आणि जिना धुऊन निघतो. तुझा दादा, म्हणजे आपला गुंड्या, पुन्हा दुकान उघडायला लागलाय. मशीनचं पायडल मारताना त्याला दम लागतो. एक बाही शिवून झाली की थांबतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "कापड विश्रांती घेतंय." जिभेला मात्र दम लागत नाही त्याच्या.

तुझा कोट तयार आहे. समारंभात घालायचा म्हणून तू माप दिलं होतंस तो. अस्तर त्याने हाताने टाचलंय.

समारंभात मी काय बोलायचं ते तू लिहून पाठवलंस. वाचलं. 'आमच्या टीमने छोट्या बदलांतून मोठं यश मिळवलं.' खोटं नाही ते. रुग्णालयं सुधारायच्या योजनेतून तू आलीस तेव्हा आमच्या रक्तविकार वॉर्डाची काय दशा होती ते मला कुणी सांगायला नको. सिकलसेलचा माणूस (आपला गुंड्या त्यातलाच) हाडं फुटल्यासारखा कळवळत यायचा आणि त्याला एक इंजेक्शन मिळायला मोठ्या डॉक्टरांची सही लागायची. मोठे डॉक्टर सापडायचे नाहीत. तोवर आमच्यातलंच कुणीतरी म्हणायचं, "नाटक करतोय, याला सुईची सवय लागलीय." तू आम्हाला वरच्या हॉलमध्ये बसवलंस, डॉक्टरीणबाई, मी, खिडकीवरचा कारकून, मावशी, सगळ्यांना एका रांगेत. भिंतीवर चिकटवायच्या रंगीत चिठ्ठ्या दिल्यास आणि म्हणालीस, वरून हुकूम यायची वाट पाहू नका, तुमचं काम तुम्हीच सुधारा. मावशी पहिल्यांदाच डॉक्टरांसमोर खुर्चीत बसल्या. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला गं. आई असती तर तिला सांगितलं असतं, की ही तीच मुलगी, जी गुंड्याचं दुखायला लागलं की त्याच्या पोटऱ्यांवर बसून पाय दाबायची आणि त्याच्याआधी स्वतःच रडायची.

सही गेली. इंजेक्शनं वॉर्डातल्या कपाटात आली, किल्ली माझ्या कमरेला आली. हे सगळं तुझ्यामुळे झालं, आणि ते मी कुठेही, कुणाहीसमोर सांगेन.

मग तू म्हणालीस, मोजा. मोजलं नाही तर सुधारलं हे कळणार कसं? तेही पटलं. केसपेपर निघाला की घड्याळ सुरू, सुई टोचली की बंद. एकेक रुग्ण म्हणजे आलेखावरचा एकेक ठिपका. ठिपके खाली येऊ लागले. मग तू बाकीच्या रुग्णालयांचे आलेख आणून आमच्या शेजारी लावलेस, आणि आमच्यात जे काही शाळकरी होतं ते जागं झालं. कारकून सकाळी आल्या आल्या आधी भिंतीकडे बघायचा, मग खुर्चीकडे.

तूच शिकवलंस की काही चुकलं तर माणसावर खेकसू नका, पाच वेळा 'का' विचारा. पाचव्या 'का'पाशी मूळ सापडतं. तर आज मी तुझीच शाळा तुझ्यावर घेते. रागावू नकोस. किंवा रागाव.

गुंड्या दुखणं घेऊन आमच्याच खिडकीपाशी आला, त्या दिवशी त्याला वेळेवर इंजेक्शन का मिळालं नाही? कारण त्याचा केसपेपरच निघाला नव्हता.

का निघाला नव्हता? कारण खाट रिकामी नव्हती. खाट नसताना केसपेपर काढला तर घड्याळ सुरू होतं आणि ठिपका वर चढतो. म्हणून कारकून खिडकीतून सांगायला लागला होता, "जरा बाकावर बसा, खाट झाली की काढतो." त्याला कुणी हे शिकवलं नव्हतं. तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त आपल्या टीमचा ठिपका वर जाऊ द्यायचा नव्हता. आणि गुंड्यानेही सांगितलं नाही की मी इनचार्ज सिस्टरचा भाऊ. मला नंतर म्हणाला, "वशिला लावला असता तर तुझीच मान खाली गेली असती." आमचे बंधुराज! मरायला टेकले तरी माझी मान सांभाळणार.

घड्याळ केसपेपरपासूनच का? कारण तू ते तसं ठरवलंस.

आणि मी तुला सांगितल्यावरही बदललं का नाही? कारण, तुला आठवत असेल, मी तुला फोन करून म्हटलं होतं, चिमणे, लोक बाकावर बसायला लागलेत, घड्याळ दारापासून लाव. तू म्हणालीस, "ताई, मोजायची व्याख्या मध्येच बदलली तर सगळा आलेख मोडतो. हे वर्ष संपू दे." तू शास्त्राला धरूनच बोलत होतीस. मीही तुझ्या पुस्तिकेत वाचलंय ते. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, पण इथे मलमसुद्धा नव्हतं, नुसता शेंडीचा आलेख होता. आणि मी "बरं" म्हटलं.

आता राहिला पाचवा 'का'. तो मी

रविवार

काल पत्र तिथेच राहिलं. दुकानातून शेजारचा चावीवाला धावत आला, गुंड्याला दुखण्याचा झटका आलाय म्हणून. जाऊन बघते तर हा कापड बेतायच्या टेबलावर आडवा, गुडघे पोटाशी, तोंडात मापाची टेप धरलेली. दात आवळायला काहीतरी हवं म्हणून. मी म्हटलं, चल, रिक्षा आणते. मान हलवून नाही म्हणाला. मी ओरडले, भांडले, पाया पडायचीच काय ती राहिले होते. तर तोंडातली टेप काढून मला म्हणतो कसा, "ताई, मला आत्ता दुखतंय की अजून दुखायला लागलं नाही? घड्याळ बघून सांग."

मला हसू आलं नाही गं. त्याला आलं.

हे तुला माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. त्या दिवसानंतर श्वासाच्या मशीनवर होता, तिथून उतरून घरी आल्यापासून तो रुग्णालयाची पायरी चढलेला नाही. तपासणीलाही नाही. तू फळांच्या करंड्या पाठवतेस, 'दादाची काळजी घे' लिहितेस, पण स्वतः एकदाही आली नाहीस. आधी मला वाटलं, कामात आहे. मग तुझं ते भाषण कुणीतरी मोबाइलवर दाखवलं. 'माझ्या भावाच्या वेदनेने मला या कामात आणलं.' टाळ्या पडल्या. पहिल्याच वाक्यात तुझा भाऊ येतो चिमणे, आणि भावाच्या दारात तू येत नाहीस.

मी त्याला घरी आणून गोळ्या दिल्या, पाणी पाजत राहिले, पाय दाबत बसले. शेवटी डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांचा सुट्टीचा दिवस, तरी आल्या. इंजेक्शन दिलं, छाती तपासली. मला जिन्यात घेऊन म्हणाल्या, "या वेळी छाती मोकळी आहे. मागच्यासारखं फुप्फुसात उतरलं आणि हे असेच घरात पडून राहिले, तर मला बोलावून उपयोग नाही. मी येईन, पण उपयोग नाही."

आत येऊन त्याच्यावरही रागावल्या. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "दारातून पाय आत टाकल्यापासून मोजायला लागा, मी येतो. लगेच येतो. बाकावर बसायला येणार नाही. तिथे बसलो की मी कुणातच नसतो हो."

त्या म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही. व्याख्या वरून येते."

तेव्हा तो मला म्हणाला, "मग चिमणीला सांग ना. माझं ऐकेल ती."

मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि हे पत्र पुन्हा पुढ्यात ओढलं. आता पाचवा 'का' लिहिते. काल गुंड्याला दुखलं म्हणून लेखणी थांबली, पण त्याच्या आधीच ती अडखळत होती, हेही खरं.

आपण दोघी त्या दिवशी त्याच इमारतीत, बरोबर त्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर होतो. मग खाली का आलो नाही? कारण तुझ्या प्रशिक्षणाचा नियम, आत येताना सगळ्यांचे फोन दारातल्या टोपलीत. त्याने बाकावरून आधी मला फोन केला. मग तुला. मग पुन्हा मला. इथपर्यंत तो जाणतो आणि त्याची काही तक्रार नाही. "टोपलीत होते गं फोन, तुम्ही तरी काय करणार," असं तोच मला समजावतो.

पण चहाच्या सुट्टीत तू टोपलीतून तुझा फोन काढलास. मी शेजारीच होते. तू बघितलंस आणि म्हणालीस, "दादा आहे. बाहीची लांबी विचारायला असणार, दुसरं काय!" आणि फोन परत टोपलीत टाकलास. मी माझा काढलासुद्धा नाही, शिस्तीचे गुण मिळवायचे होते ना मला. आणि चिमणे, मी हसले. "सुताचा गुंडा आहे नुसता," असंही काहीतरी म्हणाले.

आपण परत आत गेलो आणि भिंतीवर 'रुग्ण केंद्रस्थानी' अशी चिठ्ठी लावली. हिरवी होती.

खाली आलो ते सगळ्यांचा फोटो काढायला. मावशी आधी उतरल्या होत्या, त्यांनी हाक मारली. ओठ निळे पडले होते त्याचे. मग कसली खाट आणि कसलं काय, कारकुनाने केसपेपर काढला, मी कपाट उघडलं आणि सुई टोचली. इतक्या झटपट आम्ही कुणालाच कधी टोचली नव्हती. तुझ्या निमंत्रणावर जो आलेख छापलाय, त्यातला सगळ्यात खालचा ठिपका, ज्याच्याभोवती तू सोनेरी वर्तुळ काढलंयस, तो गुंड्या आहे.

तुला हे माहीत होतं का, ते मला माहीत नाही. मला माहीत करून घ्यायचंही नाही. मला तुझा राग येतो, फार येतो, आणि तो पुरा होत नाही, कारण अर्धा माझ्याकडेच वळतो.

चहाच्या सुट्टीचं मी त्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. 'माझं ऐकेल ती' एवढं त्याच्यापाशी राहिलंय, ते मी काढून घेणार नाही.

पण ते खरं करणं तुझ्या हातात आहे. त्या समारंभात हीच व्याख्या पुस्तिका करून सगळ्या रुग्णालयांना वाटणार आहात. प्रत्येक खिडकीवर कुणी ना कुणी मन लावून काम करणारा कारकून आहे, आणि प्रत्येक दाराबाहेर बाक आहे. त्याआधी बदल ते. घड्याळ दारात लाव. आलेख मोडतो तर मोडू दे, वर जातो तर आभाळाला भिडू दे. तू नाही बदललंस तर मी येईन, कोटातल्या तुझ्या शेजारी उभी राहीन आणि तू लिहून दिलेलं बाजूला ठेवून त्या ठिपक्याचं नाव सांगेन. लोक काय म्हणतील याची काळजी करू नकोस. टाळ्या वाजवायची सवय असलेले लोक असतात ते, चुकून वाजवतीलही.

आणि एकदा ये. तो दिवसातून कितीदा तरी दुकानाच्या दाराकडे बघतो. विचारलं की म्हणतो, गिऱ्हाइकाची वाट बघतोय.

कोट वेगळा पाठवते आहे. बाहीची लांबी बरोबर आहे. तुला न विचारताच त्याने ठेवली.

उत्तराची वाट पाहते, असं शेवटी लिहायची पद्धत आहे. पण तुझ्या नियमाने बघायचं तर तू हे पाकीट फोडेपर्यंत माझी वाट सुरूच झालेली नाही.

बाकावरून,
तुझी ताई