मिटेलाऊचे पंतप्रधान राजीनामा देतात

२ ऑक्टोबर २००३, गुरुवार
संध्याकाळच्या जर्मन क्लासचा पहिला दिवस. खरं तर मला क्लासची गरज नाही. इथे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या ऑफिसात माझं जर्मन सगळ्यांना कळतं. जे हसतात ते आपुलकीने हसतात. पण बॉसचं म्हणणं, डिसेंबरची परीक्षा पास झालो तरच मार्चनंतर कॉन्ट्रॅक्ट वाढणार. नाहीतर बिऱ्हाड उचलून पुण्याला. फॉर्मॅलिटी आहे, उरकून टाकू.
बायकोलाही, विभावरीलाही, नाव घालायला लावलं. पुण्यात ती सॉफ्टवेअरमध्ये होती, इथे आल्यापासून घरीच. बिचारीला तेवढाच विरंगुळा. क्लासच्या वेळात आमची लेक अन्वी खालच्या मजल्यावरच्या शेजारीण फ्राऊ एबर्टकडे.

९ ऑक्टोबर
आमच्या शिक्षिका फ्राऊ लिंडनर. बोलण्याच्या सरावासाठी त्यांनी एक खेळ काढलाय. मिटेलाऊ नावाचा काल्पनिक प्रदेश. उत्तरेचा देश म्हणतो आमचा, दक्षिणेचा म्हणतो आमचा. नकाशात सीमा तुटक रेघेची. आम्ही सगळे तिथली संसद: निम्मे उत्तरवाले, निम्मे दक्षिणवाले. पोलंडचा बस ड्रायव्हर पावेल हा राष्ट्राध्यक्ष. त्याने नाव सुचवायचं, संसदेने मतं देऊन पंतप्रधान निवडायचा.
कोण होणार हे उघडच आहे. अग्रलेख वाचत वाढलेला वर्गात मी एकटा.
विभावरी दक्षिणवाल्यांत गेली. म्हणजे तिकडचं एक मत खिशात.

१६ ऑक्टोबर
प्रचार. कळीचा मुद्दा शाळेचा. उत्तरवाल्यांना शब्द दिला, शाळेत तुमचीच भाषा. दक्षिणवाल्यांनाही दिला, तुमचीच भाषा. दोघांना वेगवेगळं गाठलं, एकाला कॉफीच्या मशीनपाशी, दुसऱ्याला जिन्यात. राजकारण म्हणजे टायमिंग.
घरीही भाषाधोरण लागू केलं. अन्वी आठ वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आजपासून जेवणाच्या टेबलावर फक्त मराठी.
ती एक अक्षर न बोलता जेवली. शिस्त आली.

२३ ऑक्टोबर
परवा दिवाळी. विभावरीच्या चकल्या वर्गात नेल्या. पावेलने डबा पुढ्यात ओढला आणि माझं नाव सुचवलं. गुप्त मतदान. एका मताने निवडून आलो!!
ते एक मत कुणाचं, हे सांगायला नकोच. येताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, विभावरीचे आभार मानले. ती म्हणाली, शेखर, मी विरोधात मत दिलंय. विनोदबुद्धी आहे तिला.

३० ऑक्टोबर
सत्तेचा पहिला दिवस. नियमांचा कागद आज वाचला. निवडणुकीच्या धामधुमीत वेळ कुठला. पोलीस, खजिना, परराष्ट्र व्यवहार, यातलं काहीच पंतप्रधानाकडे नाही. ते सगळं बाहेरून नेमलेल्या हाय कमिशनरकडे, म्हणजे फ्राऊ लिंडनरकडे. उरलं काय, तर शाळा, रस्ते आणि कचरा. त्यातलाही कुठलाही निर्णय कमिशनर फिरवू शकते. शिवाय उत्तरेचा देश माझा उल्लेख ‘तथाकथित’ असा करतो, आणि दक्षिणेचा करतच नाही.
हरकत नाही. कचऱ्याबाबत ठोस पावलं उचलणार.

६ नोव्हेंबर
कचरा उत्तरेला टाकायचा की दक्षिणेला, यावर अख्खा क्लास गेला. पंतप्रधानाने सुरुवातीला दोन वाक्यं बोलायची आणि शेवटी सही करायची. मधे मान हलवायची. बाकीचे भांडून भांडून फाडफाड जर्मन बोलायला लागलेत. मी गेनाऊ (अगदी बरोबर) आणि आल्झो (तर मग) या दोन शब्दांवर सभा पेलली.
मग शाळेचा विषय निघाला. दोन्ही बाजूंनी मला माझाच शब्द ऐकवला, एकदमच. म्हटलं, समिती नेमू.
अन्वी आता फ्राऊ एबर्टकडेच जेवून येते. आमच्या टेबलावर शुद्ध मराठी शांतता.

१३ नोव्हेंबर
समितीत यायला कोणी तयार नाही. उत्तरवाले बोलत नाहीत, दक्षिणवाले टोमणे मारतात. राजीनामा दिला. भाषण बाणेदार झालं.
कमिशनरने शांतपणे कलम दाखवलं: नवा पंतप्रधान निवडेपर्यंत जुन्यानेच काम पाहायचं. कोण उभं राहतंय, असं पावेलने विचारलं. सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर काहीही नव्हतं.
विभावरीला डोळ्यांनी खुणावलं. ती म्हणाली, मला जमणार नाही, सोमवारी कार्ल्सरूहेला इंटरव्ह्यू आहे. कसला इंटरव्ह्यू, ते विचारायचं राहून गेलं.

२० नोव्हेंबर
दुसरा राजीनामा. पुन्हा तेच कलम. ऑफिसात बॉसने विचारलं, अभ्यास कसा चाललाय? म्हटलं, सध्या सरकार चालवतोय. तो म्हणाला, आह जा, म्हणजे अस्सं होय.
क्लास सुटताना फ्राऊ लिंडनर पुढच्या आठवड्याबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी निषेधाचा मसुदा लिहीत होतो.
निर्णय: पुढच्या गुरुवारी बहिष्कार. मी नसलो की किंमत कळेल.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळ
बहिष्कार सुरू. क्लाससमोरच्या बेकरीत बसलोय. तोंडासमोर पेपर. विभावरीला बजावलंय, मी कुठे आहे ते सांगायचं नाही.
वर खिडक्यांत उजेड. आत कोंडी झाली असणार.
विभावरीचा फोन. उचलला नाही. घाबरले!
पुन्हा फोन. उचलला नाही. वाटाघाटीत जो आधी बोलतो तो हरतो.
समोर वरून टाळ्या ऐकू आल्या. बहुधा शोकसभा संपली.

२८ नोव्हेंबर
काल लिहवलं नाही.
टाळ्या विभावरीसाठी होत्या. तिने मांडलं की मुलांना दोन्ही भाषा शिकवा. मूल एका भाषेत ऐकतं आणि दुसऱ्या भाषेत उत्तर देतं म्हणून त्याला गप्प बसवायचं नसतं. उत्तरवाले हो म्हणाले, दक्षिणवाले हो म्हणाले. कमिशनरने सही केली. मग दोन्ही देशांनी मिळून प्रदेश चालवायचं ठरलं आणि पंतप्रधानपद रद्द झालं. माझा राजीनामा मंजूर करायची वेळच आली नाही.
आणि फोन? परीक्षेच्या नोंदणीची ती शेवटची संध्याकाळ होती. सही स्वतः करायची होती. फ्राऊ लिंडनर माझ्यासाठी थांबल्या होत्या म्हणे.
मी चिडून म्हणालो, समोरच तर होतो, रस्ता ओलांडून बोलवायचं! विभावरी म्हणाली, आले होते रे. काचेवर टकटक केली. तू पेपर आणखी वर धरलास.
पुढची परीक्षा जूनमध्ये. कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत.
तरी एक खरं: कोंडी फुटली ती माझ्या अनुपस्थितीमुळेच.

५ डिसेंबर
बॉसशी मुद्देसूद बोललो. त्याने माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि इंग्रजीत नाही म्हणाला.
घरी कसं सांगावं म्हणून दोन स्टेशनं आधी उतरून चढ चढत आलो. विभावरीला दारातच कळलं. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. चहा ठेवता ठेवता म्हणाली, कार्ल्सरूहेच्या कंपनीचं पत्र आलंय. मला घेतलंय. संगणकवाल्यांना इथेही ग्रीन कार्ड मिळतं, पाच वर्षांचं. आपण राहू शकतो.
आपण, म्हणाली. मी चहात दुसऱ्यांदा साखर घातली.
टेबलावरचं भाषाधोरण मागे घेतलं. अन्वी अर्धा तास बोलत होती. निम्मं मला कळलं नाही.

१८ डिसेंबर
आउसलेंडरआम्टमध्ये गेलो, परदेशी लोकांच्या परवान्यांच्या ऑफिसात. कुटुंबप्रमुख या नात्याने बोलणी मीच करणार, असं घरून निघतानाच स्पष्ट केलं होतं. विभावरी हो म्हणाली होती.
काउंटरवरच्या बाईंनी तिचे कागद पाहिले, तिच्याशी बराच वेळ बोलल्या, दोघी हसल्या. मग पेनाने माझ्याकडे दाखवून विचारलं, आणि हे?
मी घसा खाकरला. आल्झो, म्हटलं. क्रियापद शेवटी घ्यायचं की मधे, हे ठरवत होतो. तेवढ्यात अन्वी काउंटरला लोंबकळत म्हणाली, डेअर गेह्योर्ट त्सू उन्स. हा आमचाच आहे, असा त्याचा अर्थ.
बाईंनी मान डोलावली, शिक्का मारला.
माझं वाक्य तयार झालं तोवर आम्ही एस-बानमध्ये होतो.