तिचा पिंजरा, माझी मांडणी

अण्णा, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रुसायचं माझं वय राहिलेलं नाही. तरी परवा बदलापूरच्या रस्त्यावर एक उघडी जीप पाहिली, वर काळ्या पाइपचा सांगाडा असलेली, आणि जुना रुसवा वर आला. मला ती आठवली, उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांची मुलगी. तिचं नाव मी तेव्हाही घेत नसे.

कारखान्यातली नोकरी सोडून तुम्ही अंबरनाथला पत्र्याची शेड टाकलीत तेव्हा मी कॉलेजात होते. ग्रिल, गेट, कंपन्यांच्या टाक्या, जे येईल ते काम तुम्ही घ्यायचात. मी दुपारी डबा घेऊन यायचे आणि उगाच रेंगाळायचे. एकदा तरी वेल्डिंग करू द्या म्हणून किती मागे लागले होते. तुमचं दर वेळी तेच, "डोळे जातील. डबा ठेव आणि घरी जा." मी जायचे. पुढे ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, तरी शनिवारचा डबा माझ्याकडेच राहिला.

मग ऐंशीचं दशक संपता संपता ती आली. माझ्याच वयाची, केस बारीक कापलेले, पँटला ग्रीस. बरोबर एक जुनी जीप, वर टप नाही, आत सीट एकच. राजस्थानात वाळूतून गाड्यांची शर्यत होते, त्यात ती स्वतः गाडी चालवणार होती. "चाचा, गाडी पलटी झाली तर मी वाचली पाहिजे, बस. दिसायला कशी पण चालेल," ती तिच्या सिंधी-हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाली. तुम्ही जीपभोवती सावकाश एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "दिसायलाही चांगलीच होईल." तुमच्या आवाजातली ती हौस मी घरी कधी ऐकली नव्हती.

त्यानंतरचा एक शनिवार. मी डबा घेऊन शेडच्या दारात उभी आहे. तुम्ही जाड पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून भरता, वाकवायचा भाग लाल होईपर्यंत तापवता आणि साच्यावर हळूहळू वाकवता. "वाळू कशाला, चाचा?" ती विचारते. "पोकळ ठेवला तर वाकताना चेपतो. चेपलेला पाइप तुला काय वाचवणार?" तुम्ही तिला अगदी निवांत समजावता. माणूस बसतो त्याभोवतीच्या त्या पाइपांना ती इंग्रजी नाव सांगते, तुम्ही मात्र पिंजराच म्हणता. मग इंजिनाखाली बसवायच्या पत्र्याची कड साफ करायला तुम्ही तिच्या हातात कानस देता. "पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचल. नुसती घासू नको." तिचा हात तिरका जातो. तुम्ही तिचं मनगट धरून सरळ करता. तुम्ही माझा हात शेवटचा कधी धरला होतात ते आठवायचा मी प्रयत्न करते, आणि मला आठवत नाही.

त्या रात्री आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती आणि तुम्ही जेवत होतात. मी विचारलं, "तिला शिकवता, मग मला का नाही?"

तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत. "ती गिऱ्हाईक आहे. तू घरची आहेस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तिचं बोट कापलं तर तिचा बाप बघेल. तुझं कापलं तर मला बघावं लागेल."

"बघ, किती जीव आहे त्यांचा तुझ्यावर," आई म्हणाली. मला तो जीव नको होता, अण्णा. मला कानस हवी होती.

शर्यतीत तिची जीप खरंच उलटली. ती परत आली तेव्हा एक हात गळ्यात बांधलेला, आणि जीप ट्रकवर चढवून आणलेली. पिंजरा एका बाजूने दबला होता, मोडला नव्हता. तुम्ही प्रत्येक जोडावरून बोट फिरवलंत. "एकही टाका सुटला नाही," म्हणालात, आणि स्टुलावर बसून हात पुसायच्या चिंधीने डोळे पुसलेत. आजी गेली तेव्हाही तुम्ही रडला नव्हतात. तुम्ही तिला घरी जेवायला आणलंत. ती आपल्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसली, डाव्या हाताने जेवली, आणि शेजारचे काका डोकावले तर तुम्ही त्यांना म्हणालात, "ही आमची पोर." वाढत मी होते.

माझ्या लग्नात तुम्ही स्वतः केलेली स्टीलची मांडणी दिलीत. पाहुण्यांनी तिच्यावरून हात फिरवून कौतुक केलं, कुठे कड लागत नाही म्हणाले. मी हसले. मनात म्हटलं, तिला वाळवंट आणि मला ताटल्या. सासरी रोज ती मांडणी पुसताना हेच मनात यायचं आणि नवऱ्याला वाटायचं मला माहेर आठवतंय.

तुम्ही गेलात तेव्हा ती आली होती. माझ्यापेक्षा जास्त रडली. नात्यातल्या, लांबून आलेल्या बायका तिलाच मुलगी समजून पाणी देत होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते. त्या दिवशी दुःखाच्या आधी मत्सर आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. ती वाईट असती तर सोपं झालं असतं. ती निघताना माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "तू लकी आहेस, तुला रोज मिळाले ते."

आता मी रिटायर झाले. कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याच्या मागे लागून त्याच्याकडे वेल्डिंग शिकले. डोळ्यांपुढे काच धरते, डोळे शाबूत आहेत. माझे टाके जाडेभरडे येतात, पण सोसायटीतल्या कुंड्यांचे स्टँड मीच केलेत. बायका विचारतात, "हे कुठे शिकलात हो?"

"वडिलांकडे," मी सांगते. "दर शनिवारी जायचे ना त्यांच्या शेडमध्ये."

ग्रिलवाला कधीकधी तिथेच असतो. तो मान खाली घालून हसतो. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच इतकं लिहिता आलं. तुम्ही समोर असतात तर 'वडिलांकडे शिकले' हे खोटं बोलायला माझी जीभ रेटली नसती.