टाकीवरचा बहिरी

२ नोव्हेंबर, रविवार
पक्षीनिरीक्षणाची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली. या वर्षी ढाल आपलीच. इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी नशीब वगैरे म्हणायला नको.

जोड्यांची स्पर्धा. सूर्योदयापासून दुपारपर्यंत ज्यांच्या नावावर जास्त जातींचे पक्षी, ती जोडी जिंकली. नियम एकच कडक: पक्षी दोघांनीही पाहिला किंवा दोघांनीही ऐकला, तरच धरायचा.

गेली काही वर्षं साडू जिंकतोय. साडू म्हणजे हिच्या बहिणीचा नवरा. टोपीला पीस खोचतो. यावरून काय ते समजावं.

माझ्या जोडीला लेक. अजून हो म्हणालेली नाही. साडूनेही तिला विचारलंय. नावं द्यायची मुदत पंधरा तारीख. पण ती त्याच्याकडे कशाला जाईल? तिला आवाज मी शिकवले, खांद्यावर बसवून. 'वटवट्या' हा शब्द तिला धड बोलता येत नव्हता तेव्हाही झुडपातला वटवट्या ऐकून ती माझे केस ओढायची. तिने नाही म्हटलं तर मात्र मला वाईट वाटेल. खूप वाटेल.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे एक स्पॉट तपासायचा. शास्त्रशुद्ध.

३ नोव्हेंबर
उठलो नाही. अलार्म वाजलाच नाही. ही म्हणते, इतका वाजला की शेजारचे बेल दाबून विचारून गेले. बेलही वाजली नाही. या घरात एक वस्तू धड चालत नाही.

५ नोव्हेंबर
पहिला स्पॉट: नर्सरीमागची झुडपं. एके काळी इथे वटवटे, शिंपी, चष्मेवाले यांचा नुसता बाजार भरायचा. आज शुकशुकाट. फांद्या हलत होत्या, पण त्या काय, वाऱ्यानेही हलतात. (वारा नव्हता. तरी.) तासाभरात एक कावळा. तो मात्र खणखणीत ओरडला. पर्यावरणाची पार वाट लागली आहे. शेरा: स्पॉट मेला.

दुसरा स्पॉट: पाण्याची उंच टाकी. वर बघत उभा होतो, तर मागून कोणी तरी खांद्यावर हात ठेवला. दुर्बीण पडता पडता राहिली. साडू! म्हणे, केव्हाचा हाका मारतोय. मारल्या असतील तर मोठ्याने माराव्यात. हल्ली सगळेच पुटपुटतात. हीसुद्धा.

७ नोव्हेंबर
छापखान्यात काम फार. स्पॉट राहिला.

मी मुद्रितशोधक. टेबल मशीनला लागून. मशीनमन कानात बोळे घालतो. मी इतक्या वर्षांत एकदाही घातले नाहीत. असली नाजूक कामं आपल्याला जमत नाहीत. आणि एक काना, एक वेलांटी माझ्या हातून सुटलेली नाही. पक्षीनिरीक्षणाला नेमकी हीच नजर लागते.

दुपारी मशीनमन काही तरी म्हणाला. मी हो हो म्हटलं. त्याने माझा डबा उघडला आणि संपवला. बहुतेक तेच विचारलं असावं.

९ नोव्हेंबर, रविवार
तिसरा स्पॉट: तलावाकाठचं लव्हाळं. लेक सोबत आली! म्हणजे निम्मं काम झालं.

लव्हाळंही मेलेलं. दोन बगळे, एक पाणकावळा. आवाज म्हणून नाही. लेक मात्र सारखी मान इकडे वळव, तिकडे वळव. काय आहे, विचारलं. म्हणाली, काही नाही, बाबा. मान आखडली असेल. उशी बदलायला सांगितलं. माझ्याकडे जरा विचित्रच बघत राहिली. आदर असावा.

चहाच्या टपरीवर एक झकास कल्पना सुचली. मेलेले स्पॉट साडूला द्यायचे. भेट म्हणून. मोठ्या मनाने. स्पर्धेच्या दिवशी बसेल झुडपात डोकं घालून.

हे फसवणं नव्हे. डावपेच आहे.

११ नोव्हेंबर
साडू संध्याकाळी चहाला. त्याला झुडपं आणि लव्हाळं देऊन टाकलं. म्हटलं, आपल्यात कसली आलीये स्पर्धा, तुम्ही जिंकलात काय आणि मी जिंकलो काय. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी हसू दाबायला हात धुवायला गेलो.

आणि तिथे जॅकपॉट!

साडू स्वयंपाकघराच्या दारात हिच्याशी हळू आवाजात बोलत होता. मी नळ बंद करून कान दिला. वाक्य तुटक आलं, पण महत्त्वाचं ते बरोबर पकडलं: परवा टाकीपाशी... परत बहिरी आलाय. त्यावर हिने उसासा टाकला आणि म्हणाली, लेकीला सांगू नका.

बहिरी! बहिरी ससाणा! सुसाट सूर मारून हवेतल्या हवेत कबुतर उचलणारा. इथे तो कोणी पाहिलाय? आमच्या स्पर्धेत असा दुर्मीळ पक्षी एकटा दहा जातींच्या बरोबरीचा धरतात. आता कळलं हा गृहस्थ त्या दिवशी टाकीपाशी काय करत होता ते.

आणि माझी बायको त्याला सामील! माझ्या घरात, माझ्या कपात चहा पिऊन.

मी काही ऐकलंच नाही असा चेहरा करून बाहेर आलो. सगळ्यांनी तो चेहरा ओळखीचा असल्यासारखा बघितला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
लेकीने माझ्याबरोबर नाव दिलं. साडूला स्वतः फोन करून नाही म्हणाली. आनंद इतका झाला की टीव्ही जरा मोठ्याने लावला. हिने येऊन बंदच केला.

लेकीला बहिरीचं सांगितलं नाही. ऐनवेळी चकित करायचं. एकदा तिने परत माझे केस ओढायला हवेत. राहिलेत ते.

१६ नोव्हेंबर, रविवार
टाकी. बहिरी नाही. वर कबुतरं रांगेने बसलेली, निवांत. ससाणा जवळ असताना कबुतरं इतकी निवांत कशी? याचा अर्थ, ससाणा अतिशय धूर्त आहे.

१८ नोव्हेंबर
टाकी. बहिरी नाही. टाकीच्या वॉचमनने विचारलं काय बघता. सांगितलं नाही. साडूचा माणूस असू शकतो.

२० नोव्हेंबर
टाकी. मान वर होते, खाली होत नाही. ऑफिसात प्रूफं उभी धरून वाचली. मालकांनी विचारलं, मी गुपित म्हणालो. लेक म्हणते, बाबा, बाकीचे स्पॉट परत एकदा बघू या, मी येते. म्हटलं, मेलेल्या ठिकाणी काय बघायचं? ती गप्प बसली. पटलं असणार.

२२ नोव्हेंबर
उद्या स्पर्धा. बूट पुसले. विजयाचं भाषण तयार केलं. त्यात साडूचा उल्लेख दोनदा, दोन्ही ठिकाणी क्षमाशील.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
जसं घडलं तसं लिहितो. मी काही घाबरत नाही.

पहाटे टाकीकडे जाताना वाट नर्सरीवरून. झुडपांपाशी लेक एकदम थांबली. बोट वर केलं. तिचा चेहरा चार वर्षांचा झाला. विचारलं, बाबा, ऐकलंस?

मी म्हटलं, ऐकलं.

म्हणाली, कोण?

म्हटलं, वटवट्या. दुसरं कोण असणार? तिचं तोंडच सांगत होतं.

म्हणाली, कुठून येतोय?

मी डावीकडे दाखवलं. ती उजवीकडे बघत होती. तिने बोट हळूच खाली घेतलं. मी म्हटलं, लिही ना. म्हणाली, राहू दे, बाबा. असं बरेचदा झालं. एकही लिहिला नाही. साडूची जोडी तिथेच पलीकडे होती, ती मात्र सारखी लिहीत होती. दाखवण्यापुरतं लिहीत असतील, असं मला वाटलं.

उरलेला सगळा वेळ टाकी. बहिरी आला नाही.

निकाल: साडू पहिला. नुसता पहिला नाही, आजवरचा विक्रम. निम्म्याहून जास्त पक्षी झुडपात आणि लव्हाळ्यात, बहुतेक आवाजावरून. त्याने भाषणात माझे आभार मानले. म्हणाला, असा दिलदार माणूस बघितला नाही. टाळ्या पडल्या. त्या ऐकू आल्या.

मग माझा तोल गेला. कबूल. उभा राहिलो आणि भर सभेत विचारलं: आभार राहू द्या, टाकीवरचा बहिरी कुठे लपवलात ते सांगा!

साडू म्हणाला, कुठला बहिरी?

मी अकरा तारखेचं वाक्य शब्दशः म्हणून दाखवलं. परत बहिरी आलाय.

साडू टोपीतलं पीस काढून हातात फिरवायला लागला. ही पहिल्या रांगेतून उठली, माझ्या अगदी कानाशी आली, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाली: परत बहिरी आलाय नाही हो. पार बहिरा झालाय.

कोणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येताना लेकीला विचारलं, तुझ्यापासून हे लपवून ठेवलं होतं ना या लोकांनी? म्हणाली, मला लव्हाळ्यातच कळलं होतं. पंधरा तारखेच्या आधी. मी म्हटलं, मग साडूबरोबर का नाही गेलीस, जिंकली असतीस. ती काही तरी म्हणाली. रस्त्यावर गाड्या फार होत्या. माझा हात मात्र घरापर्यंत सोडला नाही.

२४ नोव्हेंबर
छापखान्यात सुट्टी टाकली. तब्येत उत्तम आहे.

२६ नोव्हेंबर
कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. लेकीच्या समाधानासाठी. मला काही झालेलं नाही.

काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. बसलो. सुरुवातीला दोन-चार जाड आवाज आले, दाबलं. मग बराच वेळ नुसताच बसलो. शेवटी दार उघडून तक्रार केली की मशीन परत सुरू कधी करणार, लोकांना कामं असतात. म्हणे, तपासणी झाली.

मग एक आलेख दाखवला. डावीकडे बरी असलेली रेघ उजवीकडे धाडकन खाली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: कावळा ऐकू येईल, वटवट्या नाही. मशीन लावावं लागेल. 'लावाव' असं लिहिलं होतं. मी तिथल्या तिथे वर अनुस्वार दिला.

आणि ठणकावून सांगितलं: मी आयुष्यभर अक्षरं तपासली आहेत. बहिरी आणि बहिरा यात फरक एका खुणेचा. तेव्हा दोष माझ्या कानाचा नाही, काना-वेलांटीचा आहे.

त्यावर डॉक्टर काही तरी म्हणाले. लेक हसली. काय म्हणाले ते तिला विचारायचं आहे.