कापडाच्या पाट्याचा उडालेला कोपरा

आबा, मी दगडाचं काम धरलंय. हसू नका, दगड कापडाचा हाय. मी बोलते, नात लिहिते. तिला अक्षरं येतात, मला सुई. पत्र कुठं धाडायचं न्हाई, तेवढा पाकिटाचा खर्च वाचला. साताऱ्यात तिच्या घरी बसून मी कापडाची कुलपं, अडकित्ते, खलबत्ते शिवते, आत चिंध्या भरते. लोक येतात, दाबून बघतात. एकीनं विचारलं, “आजी, ह्याचा उपयोग काय?” म्हटलं, “पायावर पडलं तर लागत न्हाई.”

यंदा पाटा-वरवंटा शिवला. त्याला जावयाची राखाडी पँट लय चांगली निघाली. तो अजून कपाटात शोधतोय. पाट्यावर धावदोऱ्याचे टाके घातले, तुमी टाकीनं घाव घालायचा तसेच, मधी दाट, कडंला विरळ. कवठे महांकाळच्या बाजूला गावोगाव हिंडून गुळगुळीत झालेले पाटे तुमी परत खरखरीत करून द्यायचा. पुढं तुमची आरोळी, मागं पिशवी घेऊन मी, तुमची लेक. तर नात म्हणाली, “आजी, एक कोपरा तुटका का गं? कापड पुरलं नाही?” पुरलं हुतं, कोपरा मी मुद्दाम तुटका ठेवला. म्हणूनच तिला लिहायला बसवलंय.

त्या दुपारी एका घरच्या पडवीत पाटा अर्धा करून तुमी पाणी प्यायला आडावर गेलात. टाकी-हातोडा तिथंच. “पोरीनं टाकीला हात लावायचा न्हाई,” असं तुमी शंभरदा बजावलेलं. मी उचलते. चार ठोके घालते, नीट बसतात. पाचव्याला कोपरा उडतो. तुकडा परकरात लपवते, कोपऱ्यावर पोतं सारते. तुमी येऊन दुसऱ्या बाजूनं काम पुरं करता आणि घरची म्हातारी पोतं वढते.

“आवं, कोपरा कुठं गेला? माझ्या आईनं दिलेला पाटा हाय! डोळ्यांनी दिसंना तर घरी बसावं की!”

तुमी कोपऱ्यावरनं अंगठा फिरवलात. माझ्याकडं बघितलं न्हाई. “माझ्याच हातनं उडाला आसंल,” म्हणालात. येताना वाटंत हात लांब धरून स्वतःची बोटं बघत हुता. आठ दिवसांत हत्यारं देऊन टाकलीत आणि कडेगावकडं गुऱ्हाळावर चिपाडं गोळा करायला लागलात. मरेपर्यंत म्हणायचा, माझे डोळे लवकर गेले.

आबा, डोळे चांगले हुते. कोपरा मी उडवला.

इथं नात लिहायची थांबली. “मारतील म्हणून सांगितलं नाहीस?” तुमी कवा मारलं न्हाई, हे तिला काय ठाऊक. म्हटलं, व्हय, तसंच लिही. मग म्हटलं, खोड ते. मी कबूल केलं आसतं तर तुमी टाकी माझ्यापासनं लपवून ठेवली आसती, एवढंच डोक्यात हुतं.

पहिले चार ठोके चांगले बसले हुते, आबा.