शेजारच्या चाचांची काठी

शुक्रवार, माबेला

नाही, मी काठी मागितली नव्हती. चांगली दिसली, चांगली म्हटलं, एवढंच. इथे आखातात पोराकडे आलोय, त्याच्या शेजारचे अरब सालेमचाचा अंगणात बसले होते. मला बोलावून खजूर दिले, कॉफी दिली. मांडीवर काठी, मुठीला चांदी मढवलेली. म्हटलं, "चाचा, छडी अच्छा है." त्यांनी लगेच माझ्या हातात ठेवली. "ले लो, तुम्हारा है." मोठ्या माणसाने दिलं की घ्यावं, नको-नको करत बसू नये, हे आमच्या गावचं वळण. घेतली.

मंगेशने दारामागे काठी बघितली आणि कपाळाला हात लावला. "बाबा, इकडे पाहुण्याने तारीफ केली की देतातच. आपण घ्यायची नसते. त्यांच्या वडिलांची आहे ती."

"मग आधी सांगायचंस."

"तुम्ही कधी ऐकून घेता?"

पोरगा खोटं नाही बोलला. आणि काय करायची होती मला काठी? पाय धड आहेत माझे.

संध्याकाळी परत द्यायला निघालो. चाचा नमाजाला चालले होते, भिंतीला धरून धरून. मला बघितलं आणि भिंतीवरचा हात काढला, ताठ उभे राहिले. हसून म्हणाले, "छडी कैसा है?"

द्यायची सोडून मी म्हटलं, "अच्छा है." परत तेच. वर त्यांच्यासमोर ती टेकत टेकत घरी आलो.

काठी आहे दारामागे. मंगेश जेवायला हाक मारतोय, आता विचारेल दिली का म्हणून. विचारू दे. मी काही सांगणार नाही.