दहा फूट खाली

१२ जानेवारी १९६०
रोजनिशीस आरंभ. मोठ्या कार्याच्या नोंदी वेळीच ठेवलेल्या बऱ्या. बोटीवरच्या भाच्याने, गुरुदासने, उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरातून एक पुस्तिका आणली. सहा महिने बर्फात राहणाऱ्या एका छोट्या गावाने सांडपाणी कसे शुद्ध केले, सचित्र. आमच्या मालवणात निम्मे लोक शौचाला माडात जातात, उरलेले आपण जात नाही असे सांगतात. संकल्प: आधी आपल्या परसात टाकी आणि शोषखड्डा, मग नगरपालिका. मी शाळेत मास्तर, शिवाय साप्ताहिकाचा बातमीदार; त्या नात्याने लेखमाला. किमान आठ भाग.

१९ जानेवारी
तिथे जमीन चार फूट गोठते, म्हणून टाकी, खड्डा सगळे पाच फुटांखाली. आपण दहा जावे. अधिकस्य अधिकं फलम्. आपल्याकडे जमीन गोठत नाही हे ध्यानात आहे. तत्त्व तेच.

३ फेब्रुवारी
खणायला परशुराम. चिरेखाणीत जन्म गेलेला. सहा फुटांवर कुदळ टाकून उभा राहिला. "मास्तरांनू, ओल लागली. अजून खाली गेल्यार पावसात ह्यां घाण पाणी तुमच्या बावडीत जातलां." विहीर पंधरा पावलांवर आहे हे मला तो दाखवतो! पुस्तिकेतली आकृती पुढे केली. उलटी धरून म्हणाला, "हेच्यात बावडी खंय आसा?" त्या गावी विहिरी नाहीत, नळ आहेत, असे समजावले. पुस्तिका माझ्या हातात परत दिली. मग चार फूट आणखी खणले. वाद मी जिंकलो.

१० एप्रिल
संडास सुरू. वास नाही. पहिला भाग छापून आला (तीन मुद्रणदोष). नगरपालिकेचे लोक पावसाळ्यानंतर पाहणीस येणार. अक्काला दाखवला. थोरली बहीण, बालविधवा, घरात आम्ही दोघेच. म्हणाली, "एवढां सगळां करून घाण जाता खंय रे?" प्रश्न मूलगामी. उत्तर तिसऱ्या भागात.

८ जुलै
विहीर तुडुंब. अक्का म्हणते पाण्याला वास येतो. हवा दमट आहे. शेजारची सत्यवती आमचे पाणी नेत नाही, लांबच्या विहिरीवर जाते. मत्सर, दुसरे काय? मी दिवसभर चहाच पितो, म्हणून माझे मत तटस्थ. अक्का चहाला शिवत नाही.

१६ जुलै
अक्काला ताप. चातुर्मासात एकवेळ जेवायचे, तेही या वयात! काढा दिला. उद्यापासून तिला दोनदा जेवायला लावणे.

२१ जुलै
डॉक्टर म्हणाला, विषमज्वर. विहीर पाहिली, खड्डा पाहिला, मधली पावले स्वतः मोजली. पाणी उकळून द्या, एवढेच बोलला. पोरसवदा आहे. संडास तूर्त बंद ठेवला, दुरुस्तीसाठी. सातवा भाग पूर्ण: 'विहिरींचे रक्षण'.

२८ जुलै
अक्का माणूस ओळखत नाही. मला 'बाबा' म्हणाली. परशुराम येऊन पडवीत तासभर बसला. काहीच बोलला नाही. बोलला असता तर उत्तर देता आले असते.

१ ऑगस्ट
अक्का पहाटे गेली. तिच्या आंघोळीसाठी मी विहिरीत कळशी सोडली. सत्यवतीने दोर हातातून काढून घेतला. "ह्या पाण्यान तिका न्हाणव नकात, दादा." ती आणि परशुराम मिळून लांबून पाच कळश्या घेऊन आली. मी कळशी धरायला पुढे झालो. कुणी दिली नाही.

१४ ऑगस्ट
नगरपालिकेस पत्र. पाहणीस येण्याचे कारण उरलेले नाही. ते का, हे लिहिणे भाग होते. तीनदा 'अतिवृष्टी' लिहिले, तीनदा खोडले. शेवटी लिहिले: खड्डा मी खणवला.